आधी तपासा, मग पार्ट घ्या



गेल्या वीस वर्षांत आपल्या वस्त्यांमधून माल वाहणाऱ्या छोट्या गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. २००५ साली टाटांची एस बाजारात आली आणि लोकांनी तिचे नाव ‘छोटा हाथी’ ठेवले. पिकअप तर त्याआधीपासून होतीच. कोणी पहाटे भाजी घेऊन मार्केट यार्डात जातो, कोणी विटा-वाळू टाकतो, कोणी मंडपाचे सामान नेतो. दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून दहा-पंधरा वर्षे काढून मग स्वतःची गाडी घेतलेली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. ही गाडी बहुधा हप्त्यावर असते. गाडी थांबली म्हणून हप्ता थांबत नाही. गाडीचे दुखणे हे घराचे दुखणे होते, म्हणून या आठवड्यात कुटुंबाच्या पानावर आम्ही गाडीबद्दलच लिहीत आहोत.

आधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या धाकट्या भावाची डिझेलची पिकअप आहे. एके दिवशी पहाटे तीन वाजता त्याने चावी फिरवली, तर ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि इंजिन फिरेना. मागे मेथी-पालकाच्या जुड्या भरलेल्या. चार जणांनी धक्का मारून गाडी सुरू केली. त्या दिवशी गॅरेजमध्ये सांगण्यात आले, “बॅटरी गेली.” नवी बॅटरी घेतली. आठ दिवस बरे गेले, नवव्या दिवशी पुन्हा ‘टक्’. मग सांगण्यात आले, “सेल्फ गेला.” सेल्फही बदलला. पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा तेच झाले. त्या पहाटे भरलेली गाडी चढाला तोंड करून उभी होती आणि धक्का मारायला माणसे नव्हती. दुपारपर्यंत भाजी सुकली. शेतकऱ्याचे पैसे भावाने पदरचे दिले आणि त्या महिन्याचा हप्ता वहिनीने बचत गटातून कर्ज काढून भरला.

शेवटी वस्तीतल्याच एका वयस्कर वायरमनला बोलावले. त्यांनी आल्या आल्या काही उघडले नाही. “हेडलाइट लाव, आता सेल्फ मार,” एवढेच भावाला म्हणाले आणि पाहत उभे राहिले. मग गाडीखाली शिरून त्यांनी बॅटरीच्या मायनसकडून चासीला आणि इंजिनला गेलेली अर्थिंगची जाड केबल दाखवली. तिचा बोल्ट गंजून सैल झाला होता आणि टोकाला हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. त्यांनी बोल्ट काढला, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या आणि पुन्हा घट्ट आवळला. वीस मिनिटांचे काम. गाडी एका चावीत सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत ती तक्रार आलेली नाही. म्हणजे जुनी बॅटरी चांगली होती, जुना सेल्फही चांगला होता. दोन्ही भंगारात गेले होते.

गॅरेजवाला चोर होता असे आम्ही म्हणत नाही. त्याने अंदाज केला आणि अंदाजाचे पैसे आमच्या खिशातून गेले. त्या रात्री वहिनी म्हणाली, “भाऊजी, त्या बाबांनी जे पाहिले ते आपल्याला पाहता आले नसते का?” या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही चार रविवार त्या वायरमनबाबांजवळ जाऊन बसलो. तेथे जे शिकलो ते आता आपल्यापुढे ठेवतो.

घरात काय असावे

बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याला दोन वायरी जोडल्या की टेस्ट लॅम्प तयार. काही शे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर. दहा आणि तेरा नंबरचे पाने, पॉलिश पेपर, टॉर्च आणि गाडीला लागतात त्या नंबरांचे थोडे जादा फ्यूज. एवढे सामान सीटखाली एका डब्यात मावते.

नियम एकच. आधी जे फुकटात पाहता येते ते पाहावे, मग जे मीटरने मोजता येते ते मोजावे आणि पार्ट सर्वांत शेवटी घ्यावा.

चावी फिरवली, गाडी सुरू होत नाही

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दुसऱ्या माणसाने गाडीसमोर नव्हे, बाजूला उभे राहून दिव्यांकडे पाहावे. चार प्रकार दिसतात.

एक, सेल्फ मारताच दिवे एकदम मंद होतात किंवा विझतात आणि ‘टकटकटक’ आवाज येतो. बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. आधी टर्मिनल हाताने हलवून पाहा. हलले तर काढून घासा, आवळा आणि पुन्हा सेल्फ मारा. काढताना मायनसची वायर आधी काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी, म्हणजे पाना चासीला लागून ठिणगी उडत नाही.

दोन, दिवे झगझगीत राहतात आणि एकच ‘टक्’ होते. बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत पोहोचत नाही किंवा सेल्फ स्वतः अडकला आहे. आमच्या गाडीचे हेच होते. अर्थिंग आणि सेल्फवरची जाड केबल पाहिल्याशिवाय सेल्फ काढू देऊ नका.

तीन, दिवे चांगले आहेत, पण आवाजच नाही. चावीचा स्विच, सेल्फचा रिले किंवा फ्यूज पाहा. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. तेथे क्लचखालचा छोटा स्विचही बिघडतो.

चार, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. येथे बॅटरीचा दोष नाही, डिझेलकडे पाहा. त्याबद्दल पुढे सांगतो.

मीटर काय सांगतो

मल्टिमीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवून लाल टोक प्लसला आणि काळे मायनसला लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा खाली येतो, पण साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी सेल्फ मारताच सात-आठवर कोसळत असेल तर बॅटरी आतून खराब झाली असावी. तरी सेल्फ जाम होऊन जास्त ओढत नाही ना, तेही पाहावे.

गाडी सुरू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ यांच्यामध्ये यावा. तो १२ वरच राहिला तर डायनामो चार्ज करत नाही. अशा वेळी आधी बेल्ट पाहा. सैल किंवा तेलकट बेल्ट घसरतो आणि नवा डायनामो घालूनही उपयोग होत नाही.

आता अर्थिंगची तपासणी. मीटरचे काळे टोक बॅटरीच्या मायनसवर आणि लाल टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर वीज वाटेत अडते आहे. ही तपासणी पहिल्याच दिवशी झाली असती तर आमची बॅटरी आणि सेल्फ दोन्ही वाचले असते.

दोन गोष्टी मात्र करू नका. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनामो तपासण्याची जुनी पद्धत सोडून द्या. त्याने डायनामो आणि गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही जळू शकतात. आणि मोठ्या ट्रकच्या बॅटरीवरून जंपर लावू नका. मोठे ट्रक बहुधा २४ व्होल्टवर चालतात, पिकअप १२ व्होल्टवर. जंपर लावायचाच तर १२ व्होल्टच्या गाडीवरून लावा. लाल केबल दोन्हीकडे प्लसला, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

रात्रीत बॅटरी उतरते

संध्याकाळी गाडी चांगली होती आणि सकाळी बॅटरी उतरली, असे वरचेवर होत असेल तर रात्री कोणीतरी वीज खाते आहे. बहुधा तो नंतर बसवलेला टेप, फॅन्सी लाइट किंवा जीपीएस असतो. सगळे बंद करून चावी काढा आणि दारे लावा. मायनसची वायर काढून बॅटरी आणि वायर यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडा. काही मिनिटे थांबा. बल्ब तरीही चांगला पेटत राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. जो फ्यूज काढताच बल्ब विझतो, त्या लाइनवर चोर आहे. लॅम्प जोडलेला असताना सेल्फ मारू नका.

फ्यूज जळाला तर त्याच नंबरचा घाला. चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पुन्हा पुन्हा जळतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणारे लोक आम्ही पाहिले आहेत. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. तार घातली की फ्यूजऐवजी वायर तापते आणि गाडीला आग लागते.

इंडिकेटर एका बाजूला फार भरभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. बल्ब बदलूनही मागचे दिवे मंदच असतील किंवा ब्रेक दाबताच इंडिकेटर पेटत असेल, तर मागच्या दिव्याची अर्थिंग घासा.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

टाकीत डिझेल आहे का, हे आधी पाहा. काट्यावर विसंबू नका. डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरजवळचा हँड पंप तो कडक होईपर्यंत दाबा. पावसाळ्यात फिल्टरमध्ये पाणी साचते, ते फिल्टरच्या खालच्या स्क्रूने काढावे.

जुन्या पंपाच्या गाड्यांत नोझलच्या नळ्या सैल करून हवा काढत. नव्या कॉमन रेल गाडीत तसे कदापि करू नका. टायरमध्ये दोन-चार बार हवा असते, तर या नळ्यांत चालू इंजिनवर हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो. ती धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले. या गाड्या स्कॅनर लावल्याशिवाय पूर्ण तपासता येत नाहीत. पण स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नव्हे. कोड सेन्सरचे नाव सांगतो, तेव्हा दोष सेन्सरचा असतो किंवा त्याच्या वायरीचा, नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी शिरलेले असते. “कोड आला, सेन्सर बदला,” असे कोणी म्हणाले तर “आधी कनेक्टर आणि वायर पाहा,” असे आपण म्हणावे.

इंजिन तापते, धूर येतो

काटा लालकडे जाऊ लागला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजते. अर्धा-पाऊण तास थांबा. गरम इंजिनवर थंड पाणी ओतले तर हेडला तडा जातो. थंड झाल्यावर कुलंट, बेल्ट, होजपाइप पाहा आणि रेडिएटरच्या जाळीत चिखल-कचरा अडकला आहे का तेही पाहा. गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर उतरते, तर पंख्याकडे पाहावे. वरचा होज गरम आणि खालचा थंड असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर चोंदला आहे. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत पेटला तर ‘पुढच्या चौकापर्यंत जाऊ’ असे म्हणू नका. इंजिन त्याच जागी बंद करा.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. एअर फिल्टर चोंदलेला, नोझल खराब किंवा माल जास्त. फिल्टर आधी पाहा, तो सर्वांत स्वस्त आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंग, वॉल्व्हचे सील किंवा टर्बो यांपैकी काहीतरी झिजले आहे. थंडीत पहाटे थोडा पांढरा धूर येतोच, पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि कुलंट कमी होत असेल, तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी.

ब्रेक, क्लच आणि आवाज

ब्रेकच्या बाबतीत घरी प्रयोग करू नका, पण लक्षण ओळखा. पेडल खाली जाते आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येते, म्हणजे लाइनमध्ये हवा आहे, ऑइल गळते आहे किंवा लायनर झिजले आहेत. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा ब्रेक नीट लागत नाही. पेडल दगडासारखे कडक झाले तर बूस्टर पाहा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर ठीक आहे.

यावरूनच एक गोष्ट समजून घ्या. बूस्टर इंजिनवर चालतो. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणारे आपले बंधू आहेत. दोन-तीन ब्रेक मारल्यावर बूस्टरचा जोर संपतो आणि मग भरलेली गाडी पायाने थांबत नाही. वाचलेले डिझेल लिटरभरही नसते. घरच्यांनी त्यांना हे स्पष्ट सांगावे.

चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, म्हणजे क्लच प्लेट घसरते आहे. आधी क्लचचे सेटिंग पाहावे, मग गिअरबॉक्स उतरवावा. गाडी उचलताना खालून ‘टण्’ असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहा. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते.

गॅरेजमध्ये कसे बोलावे

“गाडी नीट करून द्या,” एवढे म्हणू नका. काय होते, कधी होते, गार असताना की गरम झाल्यावर, रिकामी असताना की भरलेली, हे सांगा. आपण काय मोजले तेही सांगा. “पार्ट बदलावा लागेल,” असे म्हटले की “कशावरून?” असे नम्रपणे विचारा. जाणता मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, तो दाखवतो. बदललेला जुना पार्ट परत मागा, बिल लिहून घ्या. बॅटरीचे वॉरंटी कार्ड तर घरातल्या कागदपत्रांतच ठेवा.

आणि एक शंभर पानी वही करा. ऑइल कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर बदलले, बेल्ट कधी घातला, बॅटरीचे व्होल्ट किती होते, सगळे तिच्यात लिहा. आमच्या घरी ही वही वहिनी ठेवते. दर रविवारी सकाळी नववीतली पुतणी मीटर लावून आकडा वाचते आणि वहिनी लिहिते.

गेल्या पावसाळ्यात चालू गाडीचा आकडा १४.१ वरून दोन रविवारांत १३.१ वर आला. गाडीची तर काहीच तक्रार नव्हती. वहिनीने वहीची दोन पाने भावापुढे ठेवली. त्याने बॉनेट उघडले, तर बेल्टला उभी चीर गेलेली होती. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डाचे भाडे होते. त्याच संध्याकाळी त्याने नवा बेल्ट घातला आणि पहाटे तीन वाजता गाडी भरून निघाली.